वाहन-उत्सर्जन चाचणीचा इतिहास : प्रयोगशाळा आणि रस्ता

मोटार किती इंधन जाळते व किती धूर सोडते, याचे अधिकृत उत्तर देणाऱ्या देशातील प्रमुख संस्थांपैकी एक महाराष्ट्रात आहे. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) या संस्थेने १९८० च्या दशकात ‘भारतीय चालनचक्र’ सिद्ध केले. वाहन फिरत्या रोलरवर उभे करून १०८ सेकंदांचे चक्र सहा वेळा चालवावयाचे. कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर. आपल्या शहरांतील थांबतथांबत जाणाऱ्या रहदारीचे ते प्रतिबिंब होते. पुढे १९९१ मध्ये पेट्रोल व १९९२ मध्ये डिझेल वाहनांना उत्सर्जनमर्यादा लागू झाल्या. २००० मध्ये युरोपीय धर्तीची मानके आली आणि मोटारींचे चक्रही बदलले. युरोपीय चक्र स्वीकारताना कमाल वेग १२० ऐवजी ९० ठेवला गेला, हे योग्यच झाले. परंतु त्या चक्रातील संथ, ठरावीक प्रवेगाची कृत्रिमता तशीच राहिली.

या कृत्रिमतेचे परिणाम २०१५ मध्ये उघड झाले. फोक्सवॅगन प्रकरणानंतर एआरएआयने त्या समूहाच्या काही डिझेल मोटारी रस्त्यावर तपासल्या, तेव्हा उत्सर्जन भारत स्टेज-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. भारत स्टेज-६ मानके एप्रिल २०२० मध्ये आली व एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनालाही मर्यादा लागू झाली.

कामतघर-भिवंडीसारख्या यंत्रमाग व गोदामांच्या परिसरात मात्र प्रश्न मोटारींपेक्षा ट्रकांचा अधिक आहे. अवजड वाहनांच्या उत्सर्जनाची मान्यता-चाचणी परंपरेने संपूर्ण वाहनाची नसून सुट्या इंजिनाची असते. २०१७ मध्ये अधिसूचित झालेले १२ टनांवरील मालवाहू वाहनांचे इंधनवापर-मानक तर ताशी ४० व ६० किलोमीटर या स्थिर वेगांवर बेतलेले होते. गोदामाबाहेर रांगेत तिष्ठणाऱ्या, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या ट्रकचे इंधन या आकड्यांत कोठे बसते?

शिवाय ही सर्व यंत्रणा नव्या वाहनासाठी आहे. वापरातील वाहनाच्या वाट्याला ‘पीयूसी’ येते. तीत डिझेल वाहनाच्या धुराची केवळ अपारदर्शकता मोजली जाते. नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. परिणामी, उत्सर्जन-नियंत्रण यंत्रणा निकामी झालेला ट्रकही धूर काळा नसल्यास वैध प्रमाणपत्र घेऊन वस्तीतून जाऊ शकतो.