एकच लाव्हा, दोन किल्ले

जालना शहराच्या पूर्वेस असलेला भुईकोट निजाम असफजहाच्या हुकुमावरून काबिलखानाने १७२५ मध्ये बांधला. तेथून पश्चिमेस सुमारे पाऊणशे किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. तो यादवांनी बाराव्या शतकात वसवला. दोन्ही ठिकाणचा खडक एकच, बेसाल्ट. मग एक किल्ला रचावा लागला आणि दुसरा कोरता आला, असे का?

उत्तरासाठी सुमारे ६.६ कोटी वर्षे मागे जायला हवे. त्या काळी दख्खनवर लाव्हा पुन:पुन्हा पसरला. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश निवला. तो घट्ट, काळा पाषाण झाला. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले. तो सच्छिद्र झाला. पुढे झिरपत्या पाण्यामुळे या छिद्रांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजे भरली. मऊ थर लवकर झिजतात, कठीण थर कड्यासारखे उभे राहतात. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात.

देवगिरीची टेकडी सुमारे २०० मीटर उंच आहे. तिचा खालचा उतार तासून जवळजवळ ५० मीटरचा उभा कडा काढला आणि भोवतालचा खंदकही खडकातच खोदला. तटाचे काम निसर्गाने निम्मे करून ठेवले होते. जालन्याला कुंडलिकेकाठी असा डोंगर नाही. तेथे तट चिऱ्यावर चिरा ठेवून उभारावा लागला. चिरे सांधायला चुना हवा. दख्खनमध्ये त्यासाठी काळ्या मातीतले कंकर भाजत असत. गंमत अशी, की या कंकरातले कॅल्शियमही बरेचसे बेसाल्ट कुजूनच आलेले असते!

मात्र कठीण खडक म्हणजे अजिंक्य किल्ला नव्हे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीच्या वेढ्यापुढे रामदेवरायाला तह करावा लागला. कडा फुटला नव्हता. कोठारातल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी हकीकत सांगतात.

किल्ल्याची सहल काढाल तेव्हा इतिहासाच्या वहीबरोबर एक भिंगही घ्यावे. तटाचा कोणता चिरा घट्ट, कोणता ठिपक्यांचा, हे मुलांना शोधू द्यावे. ओढ्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा एखादा सुटा दगड शाळेत आणून त्यावर शिक्षकांनी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. फसफसले, तर ते कॅल्साइट. हा प्रयोग किल्ल्याच्या भिंतीवर मात्र कधीही करू नये. तेथला प्रत्येक चिरा हा इतिहासाचाही पुरावा आहे.