मिरजेचा माळ व वनस्पतिविद्या
मिरजेस डॉ. वानलेस यांचे रुग्णालय १८९४ साली उघडले. तत्पूर्वी, आणि पुढेही पुष्कळ काळ, दंडोबाच्या डोंगराभोवतालच्या कोरड्या माळावरील तरवड, रुई, आघाडा हाच खेड्यांतील गोरगरिबांचा औषधसंग्रह होता. १९०१ ते १९०८ च्या दरम्यान कुकसाहेबांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पान, फूल व फळ यांची वर्णने देशी नावांसह आली. १९२७ साली डॉ. वामन गणेश देसाई यांनी ‘ओषधिसंग्रहा’त त्यांचे गुणधर्म मराठीत मांडले. तथापि आपल्या माळावरची मुळी कोठे सापडते, ती केव्हा खणावी, किती उगाळावी, हे ज्ञान बहुधा आजीकडून नातीकडेच जात असे. माळ नांगरला गेला तरी रोप परसात लावता येते. विस्मृत झालेली विद्या मात्र परत मिळत नाही. म्हणून ती वृद्धांपासून आजच लिहून घेतली पाहिजे.