चोर खिडकी

आमच्या चांद्याला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. हे सांगताना खऱ्या चांदेकराची छाती दोन इंच तरी फुगतेच. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे दरवाजे. बगड, हनुमान, विठोबा, मसाण आणि चोर या खिडक्या. गोंड राजांनी शहराभोवती एवढा थोरला परकोट उभारला आणि त्यातल्या एका खिडकीचं नाव पडलं चक्क चोर खिडकी! चोराची वाट अशी जाहीर नाव देऊन ठेवणारं आमचं एकच गाव असावं, असा माझा समज होता. मग कॉम्प्युटरशी गाठ पडली.

घरातला कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. एके दिवशी त्यात कुठूनसा व्हायरस शिरला आणि माझी दोन वर्षांची टिपणं खाऊन बसला. टिपणं कसली, तर चांद्याच्या परकोटाच्या इतिहासाची! भिंतीचा इतिहास गेला तो भिंत नसल्यामुळे.

दिवाळीला भाचा नागपूरहून आला. त्यानं पेनड्राइव्हवरून उबुंटू नावाचं लिनक्स चढवलं, एक काळाकुट्ट पडदा उघडला आणि मला खुर्चीत बसवलं.

"मामाजी, आता तुम्हीच टाइप करा. सुडो."

"ही जपानी कुस्ती ना रे?"

"ते सुमो जी! सुडो म्हंजे मालकाच्या अधिकारानं काम कर, असा हुकूम."

या सुडोचा जन्म 1980 च्या सुमाराचा, अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठातला. त्याआधी 1969 साली बेल लॅब्जमध्ये युनिक्स सुरू झालं होतं. त्यात 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी असतो. त्यानं सांगितलं की सगळं पुसून टाक, तर यंत्र पुसून मोकळं होतं. म्हणून शहाण्यानं एरवी साधा प्रजाजन म्हणून वावरावं आणि गरजेपुरता राजा व्हावं, अशी ही सोय. मुकुट घालून भाजी आणायला जाऊ नये, एवढंच तात्पर्य.

पासवर्ड टाइप केला, तर पडद्यावर अक्षर नाही, फुली नाही, काही नाही. कीबोर्ड मेला समजून मी प्रत्येक बटण तीनतीनदा दाबलं.

"दाबून काहून राहिले जी एवढं? पासवर्ड दिसत नसते. मागं उभ्या माणसाला किती अक्षरं आहेत तेही समजू नये म्हणून."

मग 'सुडो एपीटी अपडेट', 'सुडो एपीटी अपग्रेड'. म्हणजे भिंतीची डागडुजी. मग 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल'. म्हणजे प्रत्यक्ष परकोट. कॉम्प्युटरच्या दारांचे आकडे म्हणे 65,535 पर्यंत जातात. आमच्या परकोटाला मोजून नऊ, तरी पहारेकऱ्यांची पळापळ! या एका हुकुमानं बाहेरून न बोलावता येणारा पाहुणा दारातच अडतो; आतल्याला बाहेर जायला मात्र मुभा.

आता या फुकटच्या संसाराचं मूळ. 1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलं की, सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली आपण लिहिणार. हत्यारं तयार झाली, पण गाभा रखडला. 25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं कळवलं की, मी एक प्रणाली लिहितोय, नुसता छंद म्हणून. या छंदानं पुढे जग व्यापलं. आमच्याकडे त्या वयात पोरांना छंद असले की बाप विचारतो, परीक्षेचं काय?

"पण सगळा नकाशा चव्हाट्यावर, म्हणजे चोरालाही दिसणार की!" मी मुद्द्यावर आलो.

"मेंढा गाव आठवा ना, मामाजी."

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा). वनहक्क कायद्याखाली 2009 साली या गोंड गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. जंगलाला कुलूप नाही, पण जंगल सगळ्यांचं, म्हणून राखणही सगळ्यांची. निर्णय सर्वसहमतीनं.

मी म्हटलं, राखण करता करता एखाद्याला डुलकी लागली तर?

लागतेही. लिनक्समध्ये फायली दाबून लहान करणारं 'एक्सझेड' नावाचं एक साधन आहे. कुणी एका टोपणनावाच्या गृहस्थानं दोनेक वर्षं इमानानं काम करून तिथला विश्वास मिळवला आणि हळूच आत एक चोर खिडकी पाडली. 2024 च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! आपण बँकेत अर्धा दिवस बसतो आणि कुरकुरत नाही. या गृहस्थानं मूळ शोधलं, सगळा कोड उघडाच असल्यामुळे त्याला ते सापडलं, आणि बहुतेकांच्या यंत्रांत पोचण्याआधीच ती खिडकी बुजली.

आमच्या परकोटाला 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी खिंडार पाडलं. भिंत आपोआप लढत नाही. तिच्यामागे जागं माणूस लागतं. म्हणून भाचा दर रविवारी फोन करतो, "मामाजी, अपडेट केलं का?"

टिपणं पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली आहेत. त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन हिनं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली आहे. ती जागा कुणालाही ठाऊक नव्हती. आता तुम्हाला कळली. असू द्या, तेवढीच राखणीला माणसं वाढली!