बंदिवासातले ग्रंथ

१९९६ साली लग्न होऊन मी सिंगापूरला यायला निघाले, तेव्हा विमानात माणशी वीस किलो सामान नेता येत असे. मसाल्याचे डबे, पापड, कुकर, साड्या असे सगळे भरून बॅग काट्यावर ठेवली तर वजन दोन किलो जास्त! काय काढायचे यावर घरात चर्चा झाली. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, बॅगेत स्वतःच्या हाताने ‘गीतारहस्य’ ठेवले होते. आईचे म्हणणे ते काढावे, अण्णांचे म्हणणे मेतकुटाचा डबा काढावा. “मेतकूट काय, तिकडेही मिळेल,” असे म्हणून त्यांनी निकाल दिला. सिंगापुरात त्या वेळी मेतकूट कुठे मिळत नव्हते हे मला आठवडाभरातच कळले. आणि ते जाडजूड पुस्तक तोआ पायोहच्या आमच्या घरात कपाटावर जाऊन बसले.

खरे सांगायचे तर पुढची चोवीस वर्षे मी ते क्वचितच उघडले. दसऱ्याला इतर पुस्तकांबरोबर त्याचीही पूजा व्हायची, एवढेच.

मग २०२० साल आले. भारतात २५ मार्चला टाळेबंदी सुरू झाली आणि आपल्याकडे ७ एप्रिलपासून ‘सर्किट ब्रेकर’ लागू झाला. नेहमीची विमाने त्याआधीच बंद झाली होती. साताऱ्याला चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. दादा रोज संध्याकाळी फोन त्यांच्या उशाशी ठेवी. पण रोज बोलायचे तरी काय? जेवलात का, औषध घेतलेत का, हे दोन मिनिटांत संपे. एके दिवशी अण्णाच म्हणाले, “अगं, नुसती बोलू नकोस. काहीतरी वाच. गीताई वाच.”

आई १९९८ साली इथे आली होती, तेव्हा तिने ठेवलेली गीताईची छोटी प्रत मी शोधून काढली. साताऱ्याला दिवेलागणीचे सात वाजले की इथे साडेनऊ वाजलेले असत. त्या वेळी मी रोज थोडे थोडे वाचू लागले. अण्णा मध्येच थांबवत, “परत वाच” म्हणत. एकदा त्यांनी विचारले, “आपल्याकडची गीतेवरची मोठी पुस्तकं कुठे तयार झाली, ठाऊक आहे का तुला?” मला नीट सांगता येईना. अण्णा आयुष्यभर एस.टी.त हिशेबनीस होते, त्यामुळे कुठलीही नोंद अर्धवट राहिलेली त्यांना चालत नसे. त्यांच्या त्या प्रश्नामुळे मी कपाटावरचे पुस्तक खाली काढले आणि जमेल तशी माहिती वाचू लागले. त्यातले काही आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवते.

लोकमान्य टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात राजद्रोहाबद्दल सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होणार होती. आधी साबरमतीचा तुरुंग आणि मग सप्टेंबरात ब्रह्मदेशातले मंडाले. मधुमेह जडलेला, उन्हाळा भाजून काढणारा, आपल्या भाषेत बोलायला एक स्वयंपाकी कैदी. तिथे टिळकांनी वाचनाला सुरुवात केली. जर्मन, फ्रेंच आणि पाली भाषांचा अभ्यास केला. २ नोव्हेंबर १९१० रोजी ‘गीतारहस्य’ लिहायला घेतले आणि ३० मार्च १९११ ला मसुदा पूर्ण केला. पंधरा प्रकरणांचा हा ग्रंथ पाच महिन्यांत, आणि तोही शिसपेन्सिलीने, लिहून झाला! सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून, क्रमांक घालून बांधलेल्या वह्याच मिळत.

टिळकांचे आधीचे दोन संशोधनग्रंथ, १८९३ चा ‘ओरायन’ आणि १९०३ चा ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’, इंग्रजीत आहेत. ‘गीतारहस्य’ मात्र त्यांनी मराठीत लिहिले. या वेळी त्यांना युरोपातल्या विद्वानांशी बोलायचे नव्हते, ‘केसरी’च्या वाचकाशी बोलायचे होते. ग्रंथातले मुख्य म्हणणेही सर्वांना कळेल असे आहे. गीता रणांगणावर सांगितली गेली. काम टाकून निघालेल्या माणसाला सांगितली गेली आणि ती ऐकून तो रानात गेला नाही, त्याने धनुष्य उचलले. तेव्हा गीतेचा उपदेश कर्म सोडण्याचा नसून फळाचा लोभ सोडून कर्म करण्याचा आहे, असे टिळकांनी आधीच्या भाष्यकारांची मते तपासून मांडले.

हे सगळे शाळेत कधीतरी शिकलेले असते. माझे लक्ष वेधले ते पुढच्या एका तारखेने. ७ जून १९१२ रोजी पुण्यात सत्यभामाबाई टिळक वारल्या. म्हणजे ग्रंथ लिहून झाला होता आणि परीक्षा नंतर आली. टिळकांना बातमी कळली ती मंडालेच्या तुरुंगात. त्यानंतर त्यांनी घरी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. एरवी संकटे शांतपणे सोसायची सवय असली तरी या बातमीने आपण हादरलो, अशी कबुली त्यात आहे. शेवटच्या वेळी आपण जवळ नव्हतो याची खंत आहे. आणि लगेच मुलांच्या अभ्यासात खंड पडू देऊ नका, ही सूचना आहे.

हे पत्र मी अण्णांना फोनवर वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बघ, एवढा मोठा ग्रंथ लिहून रडू यायचं थांबलं नाही. पण मुलांच्या शाळेची आठवणही गेली नाही.”

मंडालेची आणि आपल्या सिंगापूरची एक गाठ आहे, ती मला याच वाचनात सापडली. टिळक १९१४ च्या जूनमध्ये सुटले. त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षांनी, जानेवारी १९२५ मध्ये, त्याच तुरुंगात सुभाषचंद्र बोस आले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी तिथून ‘केसरी’च्या न. चिं. केळकरांना पत्र लिहिले. कोठड्यांना विटांच्या भिंती नाहीत, नुसत्या लाकडी फळ्यांचे गज आहेत. ऊन, थंडी, पाऊस, धूळ काहीच अडत नाही, असे वर्णन त्यात आहे. अशा जागी बसून गीतेवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाच्या मनाची ताकद केवढी असेल, हे आपल्याला इथे राहिल्यावर कळले, असा त्या पत्राचा भाव आहे.

हेच सुभाषबाबू २ जुलै १९४३ रोजी सिंगापुरात उतरले. पडांगवर आझाद हिंद सेनेची पाहणी, कॅथे इमारतीत २१ ऑक्टोबरला हंगामी सरकारची घोषणा, हा इतिहास आपल्याला माहीत आहे. एस्प्लनेड पार्कमध्ये सेनेच्या स्मारकाची जागा दाखवणारा १९९५ सालचा फलकही आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यांच्या मंत्रिमंडळातले एस. ए. अय्यर यांनी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. दिवसभराच्या कामानंतर रात्री उशिरा सुभाषबाबू इथल्या रामकृष्ण मिशनमध्ये जात, गणवेश उतरवून धोतर नेसत आणि ध्यानाला बसत. एक-दोन तासांनी परत येऊन पुन्हा कामाला लागत.

पण ग्रंथाचा आधार ही काही एकट्या गीतेची किंवा एकट्या आपली गोष्ट नाही. आपल्याच बेटावर चांगीला त्याचे दुसरे उदाहरण आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि हजारो ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन सैनिक जपान्यांचे कैदी झाले. रॉबर्ट्स बराक्समधल्या इस्पितळात स्टॅन्ली वॉरन हा तोफखान्यातला शिपाई आवेने मरणाच्या दारात पोहोचला होता. तो मूळचा चित्रकार. तिथल्या सेंट ल्यूक प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवशील का, असे धर्मोपदेशकांनी त्याला विचारले. रंग कुठून आणायचे? कैदी मित्रांनी लष्करी रंगाचे उरलेले डबे गोळा केले, बिलियर्डच्या काठीला लावायचा निळा खडू कुटून निळा रंग केला. वॉरन एका वेळी थोडा वेळच उभा राहू शके. १९४२ च्या नाताळापर्यंत त्याने पहिले चित्र पुरे केले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यापर्यंत बायबलमधल्या प्रसंगांची पाच मोठी भित्तिचित्रे झाली. त्यातल्या एका चित्रात, आपल्याला क्रुसावर खिळणाऱ्यांसाठीच क्षमा मागणारा येशू आहे. कैदेत, उपाशीपोटी, पहारेकऱ्यांच्या देखत हा विषय निवडणे सोपे नव्हे.

पुढे ती चित्रे रंगाखाली झाकली गेली आणि १९५८ साली पुन्हा सापडली. लंडनमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या वॉरनला शोधून काढले गेले. जुन्या आठवणींना तोंड द्यायला तो आधी तयार नव्हता, पण १९६३, १९८२ आणि १९८८ अशा तीन वेळा येऊन त्याने ती दुरुस्त केली. चांगी चॅपल अँड म्युझियममध्ये त्यांच्या प्रतिकृती पाहता येतात. पाहुणे आले की आपण त्यांना सेंटोसाला नेतोच. एकदा इथेही न्यावे.

आता गीताईकडे येते. विनोबांच्या आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. गीता समजावी अशी त्यांची इच्छा होती. संस्कृत कळेना म्हणून विनोबांनी मराठी पद्यातली आणून दिली, तीही त्यांना जड वाटली. तेव्हा, मग तूच का सोपी करून देत नाहीस, असे त्यांनी मुलालाच विचारले. १९१८ साली त्या गेल्या. विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली ती ७ ऑक्टोबर १९३० ला, आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला ती पूर्ण झाली. ज्या आईसाठी लिहायची, ती जाऊन बारा वर्षे झाली होती! ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशाला जे केले, तेच हे काम. गीता घरातल्या माणसाच्या भाषेत आणून ठेवायची.

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी कैद्यांपुढे एकेका अध्यायावर प्रवचन दिले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते म्हणून ती शब्द न् शब्द उतरून घेतली गेली आणि ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्याला मिळाले.

हे सगळे वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमची घरबंदी आणि या लोकांचा तुरुंग यांची तुलना मी करत नाही. आमच्या घरात वीज होती, पंखा होता, फेअरप्राइसमधून दूध-भाजी येत होती. पण या साऱ्यांना ग्रंथातून जे मिळाले, ते दुःख विसरायचे औषध नव्हते. पुढचे काम हाती घ्यायचे बळ होते. टिळकांनी वही उघडली, विनोबांनी रविवार धरला, गुरुजींनी टिपणे काढली, वॉरनने कुंचला घेतला. तुरुंगाचे दार त्यामुळे काही उघडले नाही.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात अण्णा गेले. मला जाता आले नाही. दादाने फोन धरला आणि मी तोआ पायोहच्या स्वयंपाकघरात उभी राहून अखेरचे दर्शन घेतले. त्या दिवशी कुठलाच श्लोक मला आठवला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. टिळकांचे पत्र तेवढे आठवले. एवढ्या मोठ्या माणसालाही आपण जवळ नसल्याची खंत वाटली होती, तर आपण रडलो यात गैर काही नाही, एवढा धीर त्यातून आला.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला फोन वाजला. मला वाटले दादा असेल, काही विधीचे विचारायचे असेल. फोनवर आई होती. इतके दिवस ती पलीकडे बसून ऐकते आहे हे मला माहीतच नव्हते. ती म्हणाली, “आज वाचणार नाहीस का? काल राहिलं. अकरावा संपलाय, बारावा यायचाय.”

बारावा अध्याय वीस श्लोकांचा. मी सुरुवात केली, मध्ये माझा आवाज गेला, तर पुढची ओळ आईने म्हटली. तिला तो अध्याय पाठ होता. असे करत आम्ही दोघींनी तो पुरा केला. मग तिने विचारले, “जेवलीस का?” मी जेवले नव्हते. तिने फोन ठेवायला लावला आणि मी उठून कुकर लावला.

आईशी वाचन अजून चालू आहे, आता रोज नाही, गुरुवारी आणि रविवारी. गीताई दोनदा झाली, सध्या ‘गीता प्रवचने’ चालू आहे. माझी मुलगी इथेच वाढलेली. तिला मराठी बोलता येते, पण वाचायचा कंटाळा. ती कधी कधी येऊन बसते आणि एखाद्या शब्दाचा अर्थ विचारते. मला न आल्यास आजी सांगते.

मंडळी, तुमच्याही घरी असा एखादा ग्रंथ असेल, कुणीतरी सामानाच्या वजनाची पर्वा न करता दिलेला. त्यावरची धूळ झटकून एकदा खाली काढा. सगळा वाचायचा संकल्प नको, एक पान पुरे. आणि जमल्यास ते घरच्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. पलीकडे आणखी कोण ऐकत बसले आहे, ते आपल्याला ठाऊक नसते.