सायकलचोर आणि स्वतंत्रपूर

पालघरचा माझा एक विद्यार्थी सायकल चोरून तीन महिने तुरुंगात राहिला. सुटल्यावर बोईसरला कामासाठी वणवण फिरला, कुणी दारात उभं केलं नाही.

आज कदाचित समाजसेवेवर भागलं असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तशी शिक्षा आहे: चोरी पहिलीच, ऐवज पाच हजारांच्या आतला आणि परत केलेला हवा.

पण मंडळी, भिंतींवाचून शिक्षा आपल्याकडे जुनीच! औंध संस्थानाने १९३९ साली, मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथे खुनाचे कैदीसुद्धा बायकामुलांसह राहून शेती करत. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) त्यावरच बेतलेला.

खुन्यांवर एवढा विश्वास! तो पोरगा माझ्याकडेही शिफारसीची चिठ्ठी मागायला आला होता. मी दिली नाही.