चाकाची किंचाळी

माझे लहानपण मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात गेले. आजोबांची एक बंडी होती, आणि त्या बंडीच्या चाकाने जरा कुरकुर केली की आजोबा जेवणाच्या ताटावरूनही उठत. आसाशी लटकवलेल्या नळ्यात ओंगण असे. ते बोटाने चाकाच्या तुंब्यात भरले की बंडी पुन्हा गुमान चालू लागे. "चाक रडते म्हणजे मालक आळशी," असे ते म्हणत. चाकाच्या आवाजाची लाज वाटावयाची, हा संस्कार मला तिथेच मिळाला. तो किती महागात पडू शकतो, हे मात्र अमरावतीस आल्यावर, चाळिशी उलटल्यावर कळले.

झाले असे. माझ्या स्कूटरच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आहे. गेल्या उन्हाळ्यात तो किंचाळू लागला. साधी कुरकुर नव्हे. कानात सुई घालावी तशी बारीक, लांबलचक किंकाळी. राजापेठच्या चौकात मी ब्रेक दाबला की पानठेल्यावरची मंडळी माना वळवीत. शाळेच्या फाटकात शिरताना तर पोरे आधीच ओळीत उभी राहू लागली. गुरुजी आल्याची वर्दी चाकच देई! एका रविवारी मला आजोबा आठवले. घरात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी होती. तिचे चार थेंब मी त्या चकचकीत तबकडीवर दोन्ही अंगांनी सोडले, चाक फिरवले आणि हात पुसले. आवाज बंद. मला कोण आनंद झाला!

संध्याकाळी मुलीला मागे बसवून वह्या आणायला निघालो. उतारावर पुढे एस.टी. थांबली. मी उजवा ब्रेक दाबला, आणि स्कूटर ऐकेना. दांडी मुठीत पूर्ण आली, चाक मात्र लोण्यावरून सरकावे तसे पुढे चालले. डावा ब्रेक आवळला, दोन्ही पाय रस्त्यावर घासले, आणि एस.टी.च्या मागच्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर आम्ही उभे राहिलो. मुलगी म्हणाली, "बाबा, आज आवाज नाही आला." त्या वेळी मला तिला काही उत्तर देता आले नाही. चपलेचा तळवा फाटला होता, तो मी घरी कोणाला दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी स्कूटर हाताने ढकलीत मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी चाकाला बोट लावले, बोट नाकाशी नेले आणि माझ्याकडे पाहिले.

"गुरुजी, ह्याले तेल कोनं टाकलं?"

"मीच."

"अजी, बंडीच्या चाकाले ओंगण देतेत, ब्रेकले नाही! फिरते त्याले तेल लागते. जे धरून ठेवते, त्याले तेल दिलं तर थे धरन कायले?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. यंत्रशास्त्राशी माझी ओळख नाही. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला मागचे-पुढचे खोदून काढण्याची खोड असते. तेव्हा या किंचाळीचे कूळ शोधू लागलो, आणि गंमत अशी की डिस्क ब्रेक जन्मला तोच किंचाळत, असे आढळले.

पण त्याच्याही आधी एक माहेरवाशीण भेटली. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ ही बाई, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटारगाडी घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला आईकडे निघाली. अंतर साधारण आपल्या अमरावती-अकोल्याइतके. वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले. बाईने एका गावात चांभार गाठला आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावावे ही कल्पना अशी माहेरच्या वाटेवर सुचली. पुढे इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने डोंगरी भागातले गाडीवान उतारावर चाकाला जुने बूट लावतात हे पाहिले, आणि त्यावरून ब्रेकच्या अस्तराचा धंदाच काढला. 'फेरोडो' हे नाव आपल्याकडचे मिस्त्रीही जाणतात. ते फ्रूडच्याच नावातली अक्षरे उलटसुलट करून झालेले आहे.

आता डिस्क. बर्मिंगहॅमचा फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली तिचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे ठोकळे, हीच आजचीही रचना. पण लँचेस्टरच्या ठोकळ्यांना अस्तर होते तांब्याचे. धातूवर धातू घासला, आणि ऐकणाऱ्यांचे कान किटले. १९०७ साली फ्रूडनेच तांब्याऐवजी अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर लावण्याची तोड काढली. आवाज निवला. (अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला जीवघेणी असते, हे कळायला पुढे फार वर्षे गेली; ती गोष्ट वेगळी आणि दुःखाची आहे.) एवढ्या सगळ्या खटपटीत तेलाचे नाव कोणी घेतले नाही, हे वाचताना माझे कान मात्र तापले.

आवाज होतो तरी का? याचे उत्तर माझ्या रोजच्या हातातच होते. नवा, लांब खडू फळ्यावर कधी कधी असा किंचाळतो की पहिल्या बाकावरची पोरे कानात बोटे घालतात. मी तो मोडून अर्धा करतो, आवाज जातो. खडू फळ्याला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, असे सेकंदाला शेकडो वेळा होते, आणि लांब खडू त्या तालावर थरथरतो. आखूड झाला की त्याचा थरथराट बदलतो. सारंगीचा गज तारेवर हेच करतो, म्हणून तर त्याला राळ लावतात. ब्रेकचा पॅड आणि तबकडी हीच सारंगी वाजवीत असतात. पॅडचा पृष्ठभाग घासून काचेसारखा गुळगुळीत झाला, मध्ये धूळ बसली किंवा पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना कोरड्या पडल्या, की सूर लागतो.

आमच्या वडिलांच्या 'चेतक'ला ही भानगड नव्हती. तिचे ब्रेक ड्रमचे. शू आणि लायनर पोटात झाकलेले, जे काय रडायचे ते आतल्या आत. डिस्कची गाडी जगात तेव्हा नव्हती असे नव्हे. जग्वार मोटारीने १९५३ साली डिस्क ब्रेकच्या बळावर ल मांची चोवीस तासांची शर्यत मारली होती, आणि इटलीच्या लँब्रेटा कंपनीने १९६२ साली टीव्ही १७५ या स्कूटरला पुढे डिस्क बसवली होती. पण आपल्याकडे स्कूटर मिळणे हेच भाग्य. आमच्या शेजारच्या वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या नावाने १९४५ साली निघालेली व्यापारी कंपनी पुढे बजाज ऑटो झाली. तिला १९५९ साली गाड्या बनवण्याचा परवाना मिळाला आणि १९७२ साली 'चेतक' आली. नंबर लागायला लोक वर्षानुवर्षे थांबत. अशा गाडीचा ब्रेक ड्रमचा की डिस्कचा, हे विचारायची कोणाची छाती होती? वडील सकाळी ती डाव्या अंगावर तिरपी करीत, मग किक मारीत. आम्ही भावंडे तो सोहळा ओट्यावर बसून पाहत असू. २०२० साली विजेवरची 'चेतक' विकायला आली, तेव्हा तिच्या वरच्या प्रकाराला पुढे डिस्क होती. इंजिनाचा फटफटाट नसलेल्या अशा गाडीत तर ब्रेकची कुरकुर अधिकच ऐकू येणार.

असो. मिस्त्रीकाकांनी माझे पॅड कचऱ्यात टाकले. तेल प्यालेला पॅड कितीही पुसला तरी भरवशाचा राहत नाही, तापला की पुन्हा घाम सोडतो. तबकडी त्यांनी ब्रेक धुण्याच्या फवाऱ्याने स्वच्छ केली, बारीक पॉलिश पेपर मारला. कॅलिपर उघडल्यावर आतून चिमूटभर काळ्या मातीची धूळ निघाली. ती सारी माझ्या गावच्या वाटेची. पिनांना, आणि फक्त पिनांनाच, उष्णता सोसणारे ग्रीस बोटाने लावले. ते पाहून मला आजोबांच्या नळ्याची आठवण झाली. ओंगणाला जागा होती, मी ती चुकवली होती. नव्या पॅडच्या कडा त्यांनी कानशीने किंचित उतरवल्या, आणि मला बजावले, "आता रिकाम्या सडकेवर जा. पंधरा-वीस डाव हळूहळू दाबा. पोरीले मांगं बसवू नका."

मी बडनेऱ्याकडून लोणीच्या पुढे गेलो. २०२२ सालच्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर अखंड अंथरून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. पूर्वी या वाटेवर खड्डेच ब्रेकचे काम करीत. आता गाडी पाण्यासारखी धावते, आणि थांबवणे आपल्या हाती आले आहे. सडकेच्या कडेला, जिथे मागे कोणी नव्हते, तिथे मी वेग घेतला, दाबला, सोडला, पुन्हा दाबला. आठ-दहा वेळा झाल्यावर चाकाची पकड हाताला कळू लागली. बांधावरचा एक गुराखी मात्र मला वेडा समजून बराच वेळ पाहत होता.

परवा पहाटे दव पडले होते. फाटकातून निघताना ब्रेक दोनदा किंचाळला. मी दचकलो आणि तडक मिस्त्रीकाकांना फोन लावला. ते झोपेतच होते. "ओल हाये तबकडीवर, पुसली जाईन," म्हणाले, "तेलाची कुपी कुठी हाये?"

"बायकोने लपवून ठेवली आहे," मी म्हणालो.

"मंग झोपू द्या मले," म्हणून त्यांनी फोन ठेवला.