शेवटचे औषध आणि कोंबडीचे मांस

बोगदा होण्यापूर्वीची गोष्ट. पोलादपूर सोडून आमची एस.टी. कशेडीचा घाट चढत होती. पुढे जिवंत कोंबड्यांची जाळीची गाडी होती आणि तिची पिसे खिडकीतून आत येत होती. शेजारी बसलेल्या खेडच्या एका शिक्षकांनी विचारले, "ह्या कोंबड्यांना प्रतिजैविकं देतात म्हणे. पण सर, आपण रस्सा चांगला उकळतो. मग जंतू राहतील कशाला?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

१९५० च्या सुमारास अमेरिकेत जूक्स आणि स्टॉकस्टॅड यांना दिसले की खाद्यात ऑरिओमायसीनचा अंश मिसळला की पिल्ले लवकर वाढतात. आजार नसतानाही औषध चारण्याची प्रथा तेव्हापासून रुजली. १९७६ साली स्टुअर्ट लेव्ही यांनी एका शेतावर प्रयोग करून तिचा परिणाम दाखवला. टेट्रासायक्लिनमिश्रित खाद्य सुरू केल्यापासून आठवड्याभरातच कोंबड्यांच्या आतड्यांतील जवळजवळ सर्व जीवाणू त्या औषधाला दाद देईनासे झाले. काही महिन्यांनी शेतावरच्या माणसांतही तसे जीवाणू वाढले.

कोलिस्टिन हे असेच एक जुने प्रतिजैविक, जपानमध्ये मातीतल्या जीवाणूपासून मिळालेले. मूत्रपिंडाला इजा करते म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवले होते. पुढे इतर औषधे निकामी होऊ लागली, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून अतिदक्षता विभागात ते परत आले. मधल्या काळात ते प्राण्यांच्या खाद्यात मात्र सर्रास वापरले जात होते!

आता प्रयोगशाळेतली अडचण पाहा. औषधाला दाद न देणारा जीवाणू ओळखण्याची नेहमीची रीत सोपी आहे. अगारच्या बशीवर जीवाणू पसरायचे, वर औषधाची कागदी चकती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी भोवतीचे मोकळे वर्तुळ मोजायचे. पण कोलिस्टिनचा रेणू मोठा असल्याने अगारमध्ये नीट पसरत नाही. मरणारा जीवाणू असो की तगणारा, वर्तुळात फरक जेमतेम पडतो. त्यामुळे ही चाचणी फसवते. मग पोषक द्रावात औषधाचे प्रमाण दुपटीदुपटीने वाढवत न्यायचे आणि जीवाणू कुठे थांबतो ते पाहायचे, हाच भरवशाचा मार्ग उरतो. काम किचकट आहे. ते रोज कोण करणार?

चीनमधील संशोधकांनी ते केले. शांघायच्या एका वराहपालन केंद्रातील ई. कोलाय जीवाणू कोलिस्टिनला दाद देत नव्हता, एवढेच असते तर नवल नव्हते. त्याला दुसऱ्या जीवाणूबरोबर वाढवल्यावर तो गुण दुसऱ्यातही गेला. म्हणजे जनुक गुणसूत्रावर नव्हते. ते प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनएच्या कड्यावर होते. त्याला एमसीआर-१ हे नाव मिळाले. २०११ ते २०१४ या काळातले नमुने तपासले, तेव्हा कच्च्या मांसाच्या ५२३ पैकी ७८ नमुन्यांत आणि रुग्णांच्या १,३२२ पैकी १६ नमुन्यांत ते सापडले. नोव्हेंबर २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. उकळल्याने जीवाणू मरतात, हे त्यांचे म्हणणे खरेच. पण मांस पातेल्यात पडण्याआधी ते हाताला, सुरीला, ओट्याला लागते, आणि त्याच सुरीने काकडीही चिरली जाते. असा जीवाणू पोटात गेला की आजार होईलच असे नाही. तो तिथल्या निरुपद्रवी जीवाणूंना आपले जनुक देऊ शकतो. ते पुढे कधीतरी, एखाद्या शस्त्रक्रियेनंतर, उपयोगात येते. (उपयोग त्यांना, आपल्याला नव्हे.)

खाद्यातील कोलिस्टिन चीनने २०१७ साली बंद केले. भारतात जुलै २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत, कुक्कुटपालनात आणि पशुखाद्यात त्यावर बंदी घातली. चीनमध्ये बंदीनंतर कोंबड्यांची पुन्हा तपासणी झाली. त्यांच्यातील कोलिस्टिनला दाद न देणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण १८.१ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले होते.